गाडीविना कॉलेज

इंटरचा निकाल लागला, डिग्रीचे प्रवेश सुरू झाले, की आपल्या हैदराबादच्या मराठी घरांतून एकच विषय निघतो : आता याला गाडी घ्यायची का? आपल्याकडे गाडी म्हणजे दुचाकी, हे वेगळं सांगायला नको. आईला रस्त्यांची धास्ती, बाबांना हप्त्यांची काळजी, आजी म्हणते 'काचीगुड्याहून सगळे चालतच जायचे', आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो मोबाइलवर गाडीचा रंग पसंत करून बसलेला. आजचं लिखाण ज्या घरांत 'यंदा नको' असं ठरलं, तिथल्या मुलामुलींसाठी.

पैशांचं पटकन उरकून टाकू. साधी स्कूटर रस्त्यावर येईपर्यंत लाखाच्या घरात जाते. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर. शिवाय विमा, सर्व्हिसिंग, पंक्चर आणि सिग्नल तोडल्याची चलानं, जी थेट बाबांच्या मोबाइलवर येतात. एवढं पुरे.

खरं दुखणं पैशाचं नसतंच. पहिल्या आठवड्यात वर्गातले चौघे 'चल, टँकबंडला जाऊ' म्हणून किल्ल्या फिरवत निघतात आणि आपण बसस्टॉपवर उभे, ते टोचतं. पण हैदराबादमध्ये गाडी नसलेला पोरगा अडकून पडायचे दिवस आता राहिले नाहीत. २०१७च्या नोव्हेंबरात मेट्रो सुरू झाली, २०२०च्या फेब्रुवारीत जुबिली बस स्टेशन ते एमजीबीएस हा तिसरा टप्पा आला आणि आज तिन्ही मार्ग मिळून ६९ किलोमीटर आहेत. आपल्या लोकांच्या दृष्टीने हा तिसरा, हिरवा मार्गच महत्त्वाचा. नारायणगुडा, सुलतान बाजार, एमजीबीएस : म्हणजे आपल्या जुन्या वस्तीच्या पोटातूनच तो गेलाय. तीन जंक्शनं डोक्यात ठेवा. एमजीबीएसला लाल मार्ग मिळतो, परेड ग्राउंडला निळा, आणि लाल-निळा एकमेकांना भेटतात अमीरपेटला. अमीरपेटला संध्याकाळी सहाला गाडी बदलायची असेल तर पाठीवरची बॅग पोटावर घ्या.

उस्मानियाला जाणाऱ्यांनी तारनाका मेट्रोबरोबर एमएमटीएसचाही विचार करावा. २००३पासून धावणारी ही लोकल काचीगुड्याहून विद्यानगर, जामिया उस्मानिया करत आर्ट्स कॉलेजच्या स्टेशनात सोडते. तिकीट शहरात सगळ्यात स्वस्त. दोष एकच, तिची वेळ. ती आली तर राजा, नाही आली तर पहिला तास बुडाला. म्हणून परीक्षेच्या दिवशी तिच्यावर विसंबू नका. आणि नवख्यांसाठी एक सूचना : हायटेक सिटी नावाची दोन स्टेशनं आहेत, एक मेट्रोचं, एक एमएमटीएसचं, आणि ती एकमेकांपासून बरीच लांब आहेत. मित्राला 'हायटेक सिटी स्टेशनला भेट' एवढंच सांगाल तर दोघंही आपापल्या ठिकाणी तासभर वाट बघाल.

बसचं मात्र वेगळं शास्त्र आहे. १२७के कोठीहून कोंडापूरला जाते, २१६ मेहदीपट्टणहून लिंगमपल्लीकडे. असे आपल्या कामाचे चार-पाच नंबर पाठ झाले की शहर निम्मं लहान होतं. ९ डिसेंबर २०२३पासून महालक्ष्मी योजनेत तेलंगणातल्या मुली-बायकांना ऑर्डिनरी आणि मेट्रो एक्स्प्रेस बसमध्ये तिकीट लागत नाही. ओळखपत्र दाखवायचं आणि शून्य रुपयांचं तिकीट घ्यायचं. पत्ता मात्र तेलंगणाचा हवा. नांदेड-परभणीहून शिकायला आलेली मावसबहीण आधारकार्ड पुढे करते आणि कंडक्टर मान हलवतो, तेव्हा तिला आधीच सांगून ठेवा आणि विद्यार्थी पास काढून द्या. मुलांनीही पास काढावा. गर्दी वाढली आहे हे खरं, पण पायरीवर लोंबकळण्यात शौर्य नाही. दहा मिनिटांनी दुसरी बस येते.

आता ज्या ठिकाणी हे काहीच चालत नाही, तेही सांगायला हवं. घटकेसर, इब्राहिमपट्टण, मेडचल, मोइनाबाद या बाजूंची इंजिनिअरिंग कॉलेजं. तिथे कॉलेजची बस हाच मार्ग, आणि तिची वर्षाची फी ऐकून बाबा चष्मा काढून पुसतात. फीपेक्षा मोठी अडचण म्हणजे ही बस संध्याकाळी ठरल्या वेळी निघते. नाटकाची तालीम, क्रिकेट, लायब्ररी, कट्टा, सगळं तिच्या आधी संपवा. चार वर्षं कॉलेज केलं पण कॉलेज पाहिलंच नाही, असं म्हणणारे माझ्या ओळखीत आहेत. म्हणून प्रवेशाचे पर्याय भरताना कटऑफच्या शेजारी एक प्रश्न लिहा : बस सुटल्यावर घरी कसं यायचं? उत्तर नसेल तर तो पर्याय एक पायरी खाली ढकलायला हरकत नाही.

मित्राच्या गाडीवर मागे बसायचं असेल तर हेल्मेट स्वतःचं घ्या. मागच्यालाही ते कायद्याने सक्तीचं आहे आणि डोकं तर आपलंच असतं. महिन्यातून दोनदा पेट्रोल तुम्ही भरा, म्हणजे 'फुकटा' हे नाव पडत नाही. ट्रिपल सीट नक्को म्हणजे नक्को.

आणि मजेचं म्हणाल, तर गाडीवाल्यांना पार्किंग शोधताना जे दिसत नाही ते तुम्हाला चालताना दिसतं. रविवारी सकाळी नामपल्लीला उतरून आबिड्सकडे चाला. दुकानं बंद, फूटपाथभर जुनी पुस्तकं, आणि घासाघीस केली तर कॉलेजची अर्धी पुस्तकं तिथेच. मग इराणी चहा, उस्मानिया बिस्किट. सालारजंग संग्रहालय एमजीबीएसपासून चालत गाठता येतं. शुक्रवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. कोठीच्या महिला विद्यापीठातली जुनी रेसिडेन्सीची इमारत तर आपल्या सुलतान बाजाराच्या दारातच, पण आपल्यापैकी कितीजण आत गेलेत? जानेवारीत नुमाईश भरते, तेव्हा गाडीवाले मित्र अर्धा तास पार्किंगसाठी फिरत असतात आणि तुम्ही गांधी भवन स्टेशनावरून उतरून केव्हाच मिरची भजी खात असता.

एक गोष्ट मोठ्यांसाठी, कारण ही मुलांच्या हातात नाही. आपले गणेशोत्सवातले आणि दिवाळी पहाटेचे कार्यक्रम ठरवताना घड्याळ बघा. रात्री अकराच्या सुमारास शेवटची मेट्रो असते. प्रमुख पाहुण्यांचं भाषण लांबलं की एकांकिका साडेनऊला सुरू होते, आणि मग दिलसुखनगरची, मियापूरची मुलं पडदा पडायच्या आत उठून जातात किंवा पुढच्या वर्षी येतच नाहीत. आधी एकांकिका ठेवा, भाषण नंतर. पहाटेच्या कार्यक्रमाला तर मेट्रोच सुरू झालेली नसते. तिथे ज्यांच्या घरी चारचाकी आहे त्यांनी आपल्या भागातल्या दोघातिघांना उचलून आणावं. नावनोंदणीच्या कागदावर 'येताना कुणाला आणू शकता?' असा एक रकाना वाढवला तरी काम होईल.