अग्निबाण पाहण्याचा हक्क कोणाचा?

श्रीहरिकोट्याहून अग्निबाण उडताना पाहण्यासाठी आता कोणाच्या ओळखीची वा शिफारसपत्राची गरज उरलेली नाही. 2019 साली भारतीय अवकाश संशोधन संस्थेने तेथे सर्वसामान्यांसाठी प्रेक्षागार उघडले आणि 1 एप्रिल 2019 रोजी पीएसएलव्ही-सी45 चे उड्डाण लोकांनी तेथून पाहिले. नाव आधी नोंदवावे लागते. प्रवेशाला मूल्य नाही. जनतेच्या पैशातून उभे राहिलेले कार्य जनतेला पाहू द्यावे, हे तत्त्व उशिरा का होईना मान्य झाले, याचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु प्रवेश मोफत असला तरी प्रवास मोफत नाही. चेन्नईकराला ही एका दिवसाची सहल आहे. नागपूरकराला दिल्ली-चेन्नई लोहमार्गाने सुमारे हजार किलोमीटर जाऊन सुलूरपेटला उतरावे लागते. जाण्यायेण्यात दोन-तीन दिवसांचा रोज बुडतो. शिवाय उड्डाण ठरल्या वेळी होईलच असे नाही. 15 जुलै 2019 च्या पहाटे चांद्रयान-2 चे उड्डाण अवघी 56 मिनिटे उरली असताना थांबवण्यात आले आणि ते 22 जुलैला झाले. थांबवण्याचा निर्णय योग्यच होता. मात्र पगारी रजा घेणारा मनुष्य आठवड्याने पुन्हा जाऊ शकतो. कळमना बाजारातील हमालाच्या मुलाला दुसरी संधी मिळत नाही.

विदर्भातील खेड्याने अग्निबाण पाहिला आहे, पण तो खाली येताना. 2 एप्रिल 2022 रोजी, गुढीपाडव्याच्या रात्री, आकाशातून जळते गोळे जाताना लोकांनी पाहिले आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी धातूचे मोठे कडे येऊन पडले. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असे तज्ज्ञांचे मत पडले. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. अवकाशातील कचऱ्याचा धोका ज्यांच्या वाट्याला असा येऊ शकतो, त्यांच्या मुलांना त्या शास्त्राचे दर्शन मात्र घडत नाही, ही विषमता लहान नव्हे.

भुकेल्या देशाला अग्निबाण कशाला, असा प्रश्न चळवळीतील काही मित्र आजही करतात. 1975-76 साली 2,400 खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी पोहोचवण्याचा प्रयोग झाला, तेव्हाच त्याचे उत्तर मिळाले होते. वादळाची आगाऊ सूचना कोळ्याचे प्राण वाचवते. खुद्द नागपुरात 1988 पासून महाराष्ट्र सुदूर संवेदन केंद्र उपग्रहचित्रांच्या आधारे जमीन, पाणी आणि जंगल यांचे नकाशे तयार करीत आहे. तेव्हा विज्ञान हवे की नको, हा वाद निरर्थक आहे. विज्ञानावर मालकी कोणाची, हा खरा प्रश्न आहे.

आणि त्याची किंमत कोणी मोजली, हेही सांगितले पाहिजे. 9 ऑक्टोबर 1971 रोजी श्रीहरिकोट्याहून पहिला छोटा 'रोहिणी' अग्निबाण उडाला. त्याआधी त्या बेटावर यानादी आदिवासींची वस्ती होती. केंद्रासाठी जमीन घेतली गेली आणि त्यांना आपली जागा सोडावी लागली. प्रेक्षागारात बसणाऱ्या प्रत्येकाला ही हकीकत ठाऊक असावयास हवी.

म्हणून मागणी साधी आहे. नागपूर, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जिल्हा परिषदांनी आपल्या शाळांतील मुलामुलींना दरवर्षी श्रीहरिकोट्यास नेण्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद करावी. उड्डाण पुढे गेल्यास मुक्काम वाढवण्याचा खर्चही तीत धरावा. निवड परीक्षेने करण्याचा मोह टाळावा, कारण परीक्षेत शिकवणीवाल्यांचीच मुले पुढे जातात. गावनिहाय चिठ्ठ्या टाकाव्यात, आणि पहिली चिठ्ठी लाडबोरीच्या नावाने राखून ठेवावी. जाण्यापूर्वी नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात मुलांना अग्निबाण का व कसा उडतो हे समजावून द्यावे, म्हणजे ती केवळ जत्रा ठरणार नाही.

राज्यघटनेच्या 51 अ कलमाने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. कर्तव्य सर्वांचे असेल, तर ते पार पाडण्याची साधनेही सर्वांना मिळाली पाहिजेत. अंदाजपत्रकाची तयारी सुरू होण्यापूर्वी हे निवेदन घेऊन कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्हा परिषदेचे दार ठोठावावे.