विडंबनाची पूर्वकथा : एक विचार

विडंबन हा मूळ कृतीच्या आधाराने जगणारा साहित्यप्रकार आहे. केशवकुमारांच्या ‘झेंडूची फुले’ (१९२५) या संग्रहातील विडंबनांचा पुरेपूर आस्वाद घेण्यासाठी ज्यांचे विडंबन झाले, त्या कविता वाचकाला ठाऊक असाव्या लागतात. मग ज्या विडंबनाला मूळ संहिताच नाही, त्याला विडंबन म्हणावे काय?

हा प्रश्न एका इंग्रजी उदाहरणातून स्पष्ट होतो. जेन ऑस्टिन यांच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) या प्रेमकादंबरीत सेथ ग्रॅहम-स्मिथ यांनी ‘झॉम्बी’, म्हणजे थडग्यातून उठलेली नरभक्षक प्रेते, घुसवली आणि ‘प्राइड अँड प्रेज्युडिस अँड झॉम्बीज’ (२००९) ही कादंबरी सिद्ध केली. तिच्यातील बरीचशी वाक्ये ऑस्टिन यांचीच आहेत. सभ्य संभाषणाशेजारी रक्तपात येतो आणि या विसंगतीतून हास्य निर्माण होते.

पुढच्याच वर्षी स्टीव्ह हॉकेनस्मिथ यांनी तिची पूर्वकथा लिहिली : ‘डॉन ऑफ द ड्रेडफुल्स’. अंत्यविधीच्या वेळी शवपेटीतील प्रेत उठून बसते, आणि बेनेट आपल्या पाच मुलींना युद्धकला शिकवू लागतात. हा काळ ऑस्टिन यांच्या कथानकापूर्वीचा असल्याने लेखकाच्या हाती त्यांची पात्रे आहेत. वाक्ये मात्र नाहीत.

या पूर्वकथेवर ‘उसन्या कल्पनेवरची उसनवारी’ असा आक्षेप घेता येईल. तो अंशतः खरा आहे. दोन संहितांच्या टकरीतून उद्भवणारे हास्य येथे क्षीण होते. तरीही माझ्या मते ही कृती केवळ बाजारू म्हणून बाजूला सारणे योग्य नाही. ऑस्टिन यांच्या कादंबरीत बेनेटांची मिळकत वारसाहक्काच्या अटीमुळे मुलींना न मिळता दूरच्या पुरुष नातलगाकडे जाणार असते. त्यामुळे विवाह हाच त्यांचा आधार ठरतो. पूर्वकथेत त्याच मुलींच्या हाती शस्त्र येते. पण शस्त्र चालवणारी मुलगी प्रतिष्ठितांच्या दृष्टीने कुलीन राहत नाही. स्वतःचे रक्षण करू शकणाऱ्या स्त्रीला समाज कोणते स्थान देतो, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. मूळ कादंबरीत सूचित असलेली स्त्रीच्या परावलंबनाची भीती येथे उघड होते.

म्हणून या पूर्वकथेला विडंबन या निकषावर मोजू नये. मूळ कृतीवरील एक सैल, विनोदी भाष्य म्हणून ती वाचावी. अशा भाष्याची कसोटी एकच : ते वाचून झाल्यावर मूळ कृतीत आपल्याला काही नवे दिसते का? येथे ते दिसते. मात्र त्यासाठी ऑस्टिन यांची कादंबरी आधी वाचलेली हवी. विद्यार्थ्यांनी हा क्रम उलटा करू नये.