जितका भाग लहान, तितके नाक जवळ

टायटॅनिक जहाज सुमारे २६९ मीटर लांब होते. १:७०० या प्रमाणात त्याची प्रतिकृती केली, तर ती जेमतेम ३८ सेंटीमीटर भरते. डेकवरचा मीटरभर उंचीचा कठडा दीड मिलिमीटरचा होतो, तर माणूस अडीच मिलिमीटरचा. रसायनाने कोरलेल्या पातळ पितळी पत्र्यातून असे कठडे आणि शिड्या कापायच्या, रेझिनच्या ओतीव होड्या घासून बसवायच्या, हा अनेकांचा आवडता छंद आहे. त्यात मन रमते, हाताला वळण लागते, मोबाइल बाजूला पडतो. छंद चांगलाच आहे. मात्र ज्या टेबलावर तो चालतो, ते टेबल म्हणजे एक छोटा कारखाना आहे, याचा विसर पडतो.

भाग जितका लहान, तितका चेहरा त्याच्या जवळ जातो. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते आणि भिंग घ्यावे लागते. भिंगाची ताकद वाढली की काम आणखी जवळ आणावे लागते: तीन डायॉप्टरला साधारण ३३ सेंटीमीटर, दहा डायॉप्टरला फक्त १० सेंटीमीटर. म्हणजे गोंदाची वाफ आणि रेझिनची धूळ थेट नाकाखाली.

पितळ चिकटवायला बहुतेक जण सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे घरोघरी असतो तोच झटपट गोंद वापरतात. त्याची वाफ डोळे आणि नाक चुरचुरवते. सुती कापडावर तो जास्त सांडला तर इतका तापतो की कातडी भाजू शकते. पितळाला डाग देताना राळेचा धूर निघतो. हा धूर दम्याचे परिचित कारण आहे. घट्ट झालेले रेझिन तसे निरुपद्रवी, पण घासल्यावर उडणारी बारीक धूळ श्वासनलिकेला त्रास देते. थ्रीडी प्रिंटरमधून निघालेला, अजून चिकट असलेला भाग उघड्या हाताने हाताळल्यास त्वचेची अ‍ॅलर्जी होऊ शकते.

‘आठवड्यातून दोन तास बसायचे, त्याने काय होते?’ असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे. कारखान्यातल्या कामगाराइतका संपर्क इथे येत नाही. पण अ‍ॅलर्जीचा हिशेब वेगळा असतो. शरीराने एखाद्या रसायनाशी एकदा वैर धरले, की पुढे त्याचा थेंबही पुरतो आणि ते वैर सहसा सुटत नाही. मग वर्षानुवर्षे जोपासलेला छंदच सोडावा लागतो. शिवाय कारखान्यात धूळ आणि धूर बाहेर काढण्याची व्यवस्था १९४८ च्या कारखाने अधिनियमाने बंधनकारक केली होती. बंद खिडकीच्या, एसी लावलेल्या बेडरूममध्ये असा कोणताही कायदा पोहोचत नाही, आणि तिथली हवा घरातली मुलेही घेतात.

उपाय खर्चिक नाहीत. रेझिन पाण्यात भिजवून, ओल्या पॉलिश पेपरने घासावे म्हणजे धूळ उडत नाही. कोरडे घासायचेच असेल तर एन-९५ मास्क लावावा. मात्र तो कण अडवतो, वाफ नाही. वाफेसाठी खिडकी उघडी हवी आणि पंखा हवा बाहेर फेकणारा. पितळाचा तुकडा कापताना उडतो, म्हणून चष्मा हवा. ओल्या रेझिनला नायट्राइलचे हातमोजे हवेत. गोंद डोळ्यात गेलाच तर पापण्या ओढून उघडू नयेत. कोमट पाण्याने धुऊन डॉक्टर गाठावा. दर वीस-पंचवीस मिनिटांनी मान वर करून दूर पाहावे.

तरीही सगळा भार छंदिष्टावर टाकणे योग्य नाही. खोक्यावर जहाजाचे देखणे चित्र छापणाऱ्यांनी आत कोणते रसायन आहे आणि काय जपावे, हेही ठळक व ग्राहकाला कळेल अशा भाषेत छापायला हवे. दीड मिलिमीटरचा कठडा सरळ बसावा म्हणून तासभर श्वास रोखून धरणाऱ्याला खिडकी उघडायला एक मिनिट नक्कीच सापडेल. त्याला ते कुणीतरी सांगायला मात्र हवे.