खेळ कोणता, आणि व्यवहार कोणता?

व्हिडिओ गेम म्हणजे अभ्यासाला लागलेली कीड, हे विधान आमच्या प्राध्यापक-कक्षात वरचेवर ऐकू येते. बुद्धिबळ, सोंगट्या आणि तीनपत्ती यांना आपण कधी एकाच मापाने मोजत नाही. पडद्यावरील खेळांना मात्र मोजतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी जो कायदा संमत केला, त्याने निदान हा भेद मानला आहे. ई-क्रीडा व करमणुकीचे सामाजिक खेळ यांना उत्तेजन, आणि पैसे लावून खेळावयाच्या खेळांना, मग ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, मज्जाव.

जाणकार या खेळांचे प्रकार पाडतात ते खेळाडूने काय करावयाचे यावरून: नेमबाजीचे, शर्यतीचे, कोड्यांचे, व्यूहरचनेचे, एखादी भूमिका घेऊन खेळावयाचे. १९७८ सालच्या जपानी ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये वरून उतरणारे परग्रहवासी टिपावयाचे होते, १९९३ च्या ‘डूम’ने खेळाडूला बंदूकधारी नायकाच्याच डोळ्यांनी पाहावयास लावले. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी रचलेल्या ‘टेट्रिस’मध्ये तर ना कथा, ना शत्रू; चार-चार चौकोनांच्या सात आकृत्या तेवढ्या नीट बसवावयाच्या.

अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने मला विशेष ओढ वाटते ती विल राइट यांच्या १९८९ सालच्या ‘सिमसिटी’ची. तेथे ठरावीक शेवट नाही. खेळाडू हा नगराचा महापौर. रस्ते, वीज, निवासी व औद्योगिक विभाग त्यानेच आखावयाचे आणि कराचा दरही त्यानेच ठरवावयाचा. दर चढविला की वस्ती रोडावते. फार उतरविला की रस्ते आणि पोलीस यांना तिजोरी पुरत नाही. हे प्रतिमान ढोबळ आहे हे खरे, पण आमच्या पाठ्यपुस्तकातले तरी कोठे सूक्ष्म असते? शिवाय पाठ्यपुस्तकातला करभार परीक्षेनंतर विसरला जातो. स्वतः ओस पाडलेले नगर सहसा विसरले जात नाही.

परंतु प्रकारांच्या या यादीत एक गोष्ट दिसत नाही. खेळ पैसा मिळवितो कसा? नाण्यावर चालणाऱ्या यंत्राचा लाभ खेळाडू लवकर हरण्यात होता. दुकानातून एकदा विकत आणलेल्या खेळाचा व्यवहार तेथेच संपत असे. मोबाइलवरील कित्येक खेळ आज फुकट मिळतात, आणि मग आत काय निघेल हे आधी न कळणाऱ्या पेट्या खेळाडूला विकतात. बेल्जियमने २०१८ साली अशा पेट्यांना जुगार ठरविले. आपल्या कायद्याचा रोख पैसा वा पैशासारखे काही जिंकण्याच्या आशेवर आहे. पेटीतून निघालेला, रोखीत न बदलणारा पोशाख त्यात बसतो की नाही, हा मुद्दा वादास मोकळाच राहतो. माझ्या मते धोका तेथेच अधिक आहे, कारण तेथे गमावणारा स्वतःला जुगारी समजत नाही.

आमच्या एका विद्यार्थ्याने वडिलांच्या खात्यातून अशा पेट्यांवर सत्राच्या शुल्काहून अधिक रक्कम घालविली. खेळ नेमबाजीचा होता. घरच्यांनी आक्षेप घेतला तो बंदुकीवर.