पावती देणारे राज्य

मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाता ३५ सोमाली चाच्यांना घेऊन मुंबईला आली, तेव्हा सोमालिया पुन्हा एकदा आपल्या बातम्यांत आला. अशा वेळी दोन मते हमखास ऐकू येतात. एक, तिथे टोळ्यांचेच राज्य. ही माणसे कधी एकत्र नांदायची नाहीत. दुसरे, अल-शबाब या दहशतवादी संघटनेला संपवायचे तर आणखी फौजा पाठवा. मला ही दोन्ही मते साफ चुकीची वाटतात.

आधी टोळ्यांचे पाहू. सोमाली लोकांची भाषा एक, धर्म एक, पंथही जवळजवळ एकच. कुळाचा अभिमान जबर आहे, हे खरे. पण खून झाला, उंट चोरीला गेला, तर भरपाई कोणी किती द्यायची हे ठरवून सुडाची साखळी तोडणारे वडीलधारेही कुळातलेच असतात. १९९१ मध्ये सियाद बर्रेची राजवट कोसळली आणि उत्तरेतल्या सोमालीलँडने वेगळी चूल मांडली. १९९३ मध्ये बोरामा गावी तिथल्या कुळांचे वडीलधारे महिनोन्‌महिने बसले, भांडले, पुन्हा बसले. त्या बैठकीचा बराचसा खर्चही स्थानिकांनीच उचलला. त्यातून सनद निघाली आणि वडीलधाऱ्यांच्या ‘गुर्ती’ला सभागृहाचा दर्जा मिळाला. पुढे २००३ च्या अध्यक्षीय निवडणुकीत पहिला निकाल अवघ्या ८० मतांच्या फरकाने लागला. वाद न्यायालयात गेला आणि तिथेच मिटला. २०२४ मध्ये विरोधी उमेदवार जिंकला आणि सत्ता शांतपणे हस्तांतरित झाली. सोमालीलँड निष्कलंक नाही. २०२३ मध्ये लास अनोद शहरात त्याच्या सैन्याने जे केले त्याचे समर्थन मी करणार नाही. पण कुळे आहेत म्हणून राज्य उभे राहू शकत नाही, हा सिद्धान्त बोरामाने खोटा ठरवला आहे.

दक्षिणेत नेमके उलटे झाले. २००० मध्ये जिबूतीतल्या परिषदेपासून ‘साडेचार’चे सूत्र आले: चार मोठ्या कुळांना सारखा वाटा, उरलेल्या सगळ्यांना मिळून अर्धा. समेट राहिला बाजूला, नुसती खुर्च्यांची वाटणी झाली.

आता फौजांचे. १९९२ मध्ये अमेरिकी सैन्य उतरले. पुढच्या ऑक्टोबरात राजधानी मोगादिशूच्या एकाच लढाईत त्यांचे १८ सैनिक पडले आणि काही महिन्यांत त्यांनी काढता पाय घेतला. २००६ च्या अखेरीस इथिओपियाने इस्लामी न्यायालयांच्या संघटनेची सत्ता उलथली, आणि तिच्याच तरुण शाखेची, अल-शबाबची, ताकद वाढली. २००७ मध्ये आफ्रिकी संघाच्या तुकड्या आल्या. २०११ मध्ये शबाब राजधानीतून मागे हटली खरी. पण १४ ऑक्टोबर २०१७ रोजी झोबे चौकात एका ट्रकमधल्या स्फोटाने सहाशेच्या आसपास माणसे मारली.

फौजा असताना हे का होते, याचे उत्तर रस्त्यावरच्या नाक्यावर मिळते. माल भरलेला ट्रक दक्षिणेत निघतो. सरकारी गणवेशातले किंवा एखाद्या स्थानिक पुढाऱ्याचे बंदूकधारी त्याला अडवतात, पैसे घेतात. पुढच्या नाक्यावर पुन्हा तेच. शबाबचा नाका एकदाच वसूल करतो आणि पावती देतो. ती दाखवली की शबाबच्या पुढच्या नाक्यावर चालकाला कोणी हात लावत नाही. जमिनीचा तंटा असला तर सरकारच्या ताब्यातल्या मोगादिशूतली माणसेसुद्धा शहराबाहेर शबाबच्या काझीकडे जातात, कारण तिथे निकाल लागतो आणि तो पाळलाही जातो. ही शबाबची भलामण नव्हे. तो न्याय दहशतीचा आहे, हात तोडणारा आहे. पण दुसरीकडे न्यायच मिळत नसेल, तर जमीन गमावलेल्या माणसाने जायचे कुठे?

२०२२ मध्ये हिरान भागातले शेतकरी आणि गुराखी शबाबच्या करांना कंटाळून स्वतःच उठले. ते लुंगी (मआविस) नेसून लढतात, म्हणून त्यांना ‘मआविस्ले’ म्हणतात. सैन्य त्यांच्या मागोमाग आले आणि अनेक गावे सुटली. डिसेंबरात आदन याबाल हे गावही सुटले. पण सुटलेल्या गावांत न्यायाधीश, पोलीस, महसुलाचा कारकून यांची घडी बसलीच नाही. मोगादिशूतल्या केंद्र सरकारनेच ही संधी घालवली: मार्च २०२४ मध्ये घटनादुरुस्ती रेटली आणि पुंटलँड या घटक राज्याने केंद्राला मान्यताच नाकारली, डिसेंबरात रास कंबोनी इथे केंद्राचे सैन्य शबाबशी नव्हे, जुबालँड या दुसऱ्या घटक राज्याच्या सैनिकांशी लढत होते. एप्रिल २०२५ मध्ये आदन याबाल पुन्हा शबाबच्या हाती गेले.

म्हणून माझे म्हणणे असे: सोमालियाला मदत करणाऱ्यांनी बटालियनचा हिशेब जरा बाजूला ठेवावा. गाव सुटले की त्याच आठवड्यात तिथे पगारी न्यायाधीश बसवा, शेजारी त्या गावच्या वडीलधाऱ्यांना बसवा, आणि नाक्यावरच्या शिपायाला पगार वेळेवर द्या. त्याच्या हातात पावतीपुस्तक द्या, आणि त्या पावतीवर ट्रक थेट मोगादिशूच्या बंदरापर्यंत जाऊ द्या.