ट्रायकोडर्माची परीक्षा

जैविक रोगनियंत्रणाच्या कामात ज्यांची हयात गेली, अशा आमच्या वाचकांना ट्रायकोडर्माची ओळख नव्याने करून देण्याचे प्रयोजन नाही. परंतु ही बुरशी दुसऱ्या बुरशीचा नाश नेमका कसा करते, या प्रश्नाकडे आपण पुरेशा आस्थेने पाहत नाही, आणि त्यामुळेच आपल्या प्रयोगशाळांतील एक जुना प्रघात बिनदिक्कत चालू राहिला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ट्रायकोडर्मा जमिनीतील इतर बुरशींवर परजीवी म्हणून जगते, हे रिचर्ड वाइंडलिंग यांनी १९३२ साली दाखवून दिले. मात्र त्यामागील रासायनिक कारवाईचा तपशील उलगडण्यास पुढे कित्येक दशके लागली. भक्ष्याला स्पर्श होण्यापूर्वीच ही बुरशी कायटिनेज हे विकर अल्प प्रमाणात सोडते. त्याने भक्ष्याच्या पेशीभित्तिकेतून सुटलेले कायटिनाचे सूक्ष्म तुकडे पाझरत मागे येतात, आणि त्यांची वर्दी लागताच हल्ल्याची जनुके कार्यरत होतात. पुढे तंतूला तंतू भिडला, की पृष्ठभागावरील लेक्टीन नावाची प्रथिने समोरच्या शर्करांना धरतात व विळखे पडू लागतात. इस्रायलमधील इनबार आणि चेट यांनी १९९२ साली नायलॉनच्या धाग्यांना लेक्टीन जोडून ते ट्रायकोडर्मापुढे ठेवले, तेव्हा तिने त्या निर्जीव धाग्यांनाही भक्ष्यासारखेच विळखे घातले! हा प्रयोग आम्हांला आजही थक्क करतो. विळख्यानंतर कायटिनेज, ग्लुकनेज आणि प्रोटिएज ही विकरे भित्तिका पोखरतात, तर पेप्टायबॉल ही लहान पेप्टाइडे आतील पटलाला छिद्रे पाडतात आणि फुटलेल्या भित्तिकेची डागडुजीही रोखतात.

आता त्या प्रघाताविषयी. ज्या कायटिनेजवर हल्ल्याची भिस्त, त्याचे प्रमुख जनुक ग्लुकोजच्या सान्निध्यात दबलेले राहते व उपासमारीत जागे होते. आणि आपण मात्र स्ट्रेनची पारख बटाटा-डेक्स्ट्रोज अगारावर, म्हणजे लिटरमागे २० ग्रॅम ग्लुकोज घातलेल्या माध्यमावर करतो. त्या बशीत एखादा स्ट्रेन समोरच्या बुरशीवर पसरला, तर तो त्याच्या वाढीच्या वेगाचा दाखला होय, परजीवी सामर्थ्याचा नव्हे. भुकटीच्या ग्रॅममागे २० लाख वसाहती, हे नोंदणीचे प्रमाणही बुरशी जिवंत असल्याची ग्वाही देते, तिच्या मारकतेची नाही. शिवाय पिथियमची भित्तिका मुख्यतः ग्लुकन व सेल्युलोजची असल्याने रायझोक्टोनियावर उतरलेला स्ट्रेन तेथेही उतरेल, असे गृहीत धरता येत नाही.

म्हणून आमची विनंती आहे, की निवडीच्या वेळी साखरविरहित माध्यमावर, जिवंत तंतूंसमोर एक चाचणी अवश्य घ्यावी, काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून विळखे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावेत, आणि भक्ष्य बुरशीचे नाव स्ट्रेनच्या नोंदीत न चुकता लिहावे. अशा चाचण्यांचे वृत्तांत, त्यांतील फसलेल्या चाचण्यांसह, या मासिकाकडे पाठवावेत. ते आम्ही अगत्याने छापू.