खोडरबर खाली ठेवा!

डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं आणि त्याच्याही आधी फ्लेक्स उगवतात. वर साहेब, खाली भाऊ, त्याखाली टपालतिकिटाएवढे शुभेच्छुक. जरा जवळ जाऊन बघा ती मुंडकी. एकाचा कान अर्धा. दुसऱ्याच्या केसांभोवती हिरवी किनार, कारण मूळ फोटो कुठल्याशा लॉनवर काढलेला. तिसऱ्याच्या चष्म्याची दांडीच गायब. या पापाचे धनी फ्लेक्सच्या दुकानातले आमचे इरेजर-महामहोपाध्याय!

त्यांना विचारा, मास्क का नाही वापरला? "काहून टेन्शन घेता भाऊ, फ्लेक्सवर कोन पायते? आपला हात बसला आहे." हात बसलाय, मान्य. डोकं मात्र कधीच उठून गेलंय.

लेअर मास्क म्हणजे थराला जोडलेलं आणखी एक चित्र, फक्त काळ्या, पांढऱ्या आणि करड्या रंगांचं. पांढरं असेल तिथे थर दिसतो, काळं असेल तिथे लपतो, करडं असेल तिथे अर्धामुर्धा दिसतो. आठ बिटच्या फाइलीत ० ते २५५, अशा २५६ पायऱ्या. विरळ दाढी, भुरभुरणारी बट, जाळीदार ओढणी ही सगळी मंडळी या मधल्या पायऱ्यांवर राहतात. आणि खरी गोम पुढे आहे. काळा ब्रश फिरवला तरी खालचा एकही पिक्सेल मरत नाही. पांढरा ब्रश घ्या, कान परत हजर! इरेजर मात्र कान कायमचा उडवतो. अनडू आहे म्हणता? फाइल बंद करेपर्यंत आहे. पुढे काय?

दादासाहेब फाळक्यांनी १९१९ साली 'कालिया मर्दन'मधली ट्रिकदृश्यं केली, तेव्हा फिल्मवर एकदा पडलेला उजेड कुणाच्या बापाला पुसता येत नव्हता. म्हणून ती माणसं आधी विचार करत, मग हँडल फिरवत. फोटोशॉपच्या तिसऱ्या आवृत्तीत थर आले ते १९९४ साली. तीन दशकं उलटली. आमच्या पंडितांना आधी विचारही करायचा नाही आणि मागे फिरायची वाटही ठेवायची नाही. हा कुठला पराक्रम?

"टाइम नाही." बरं. मग काल पक्ष सोडून गेलेला नेता आज सकाळी परत आला की हेच वेळ नसलेले गृहस्थ दुपारभर व्हॉट्सॲपवर त्याचा फोटो का शोधत बसतात? मास्क असता तर ब्रशच्या दोन फटकाऱ्यांत घरवापसी झाली असती. "सॉफ्टवेअर महाग." गिम्प फुकट मिळतं, त्यात मास्क आहे. "आता एआय करते ना सगळं." अहो, फोटोशॉपचं 'रिमूव्ह बॅकग्राउंड' बटण स्वतःच मास्क बनवून देतं! यंत्राने जपलेले पिक्सेल हा गडी सगळे थर एकात चेपणारं 'फ्लॅटन' दाबून गाडतो आणि वर जेपेग करून मोकळा होतो. जेपेगमध्ये थर राहत नाहीत, हे याला पक्कं ठाऊक असतं.

फ्लेक्सवरच्या नेत्याचा कान गेला तर राष्ट्र बुडत नाही. पण याच दुकानात एक कुटुंब येतं. आजोबा गेलेले, त्यांचा एकच बरा फोटो, तोही मोबाइलमधला. शेजारी आजी उभी, तिचा हात त्यांच्या खांद्यावर. श्रद्धांजलीसाठी नुसते आजोबा हवेत. पंडित इरेजर फिरवतात, आजी जाते, हात जातो, खांद्याची कड कुरतडली जाते आणि फाइल त्याच नावाने सेव्ह होते. घरच्यांनी विश्वासाने पाठवून मोबाइल रिकामा केलेला. उद्या आजीसाठी फोटो लागला तर हे कुठून आणणार? याला मी हलगर्जीपणा म्हणत नाही. दुसऱ्याच्या घरातली वस्तू फोडणं म्हणतो, आणि त्याचेही पैसे घेतात!

म्हणून गिऱ्हाइकांनो, पैसे काढण्याआधी फोटोशॉपची थरांसकटची पीएसडी फाइल उघडायला लावा. शिफ्ट दाबून मास्कवर क्लिक करायला सांगा. त्यावर लाल फुली येईल आणि झाकलेलं सगळं पुन्हा दिसेल. दिसलं तर पूर्ण पैसे द्या, वर चहा पाजा. क्लिक करायला मास्कच नसेल, तर पाकीट परत खिशात घाला.